हळदीचं लोखंड

"खाली ठेव तो," रंगुआत्या म्हणाली. "हातात नको दिऊस."

भीमराजने उघडा चाकू ओट्यावर ठेवला. सुरी हातातून हातात दिली की भांडण लागतं, असं गाव मानतं. लग्नघरी तर जपायलाच हवं. त्याला म्हातारीचं कौतुकच वाटलं.

झालं होतं ते असं. नवरदेव ज्ञानेश्वर फेटा बांधून उंबऱ्याच्या आत ताटकळला होता. हळद लागलेल्या पोराने हातात लोखंड असल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही, ही रीत. आणि कट्यार घेऊन पाहुण्यांची पहिली जीप केव्हाच जामखेडच्या कार्यालयात पोचली होती. मुहूर्त बारा पस्तीसचा. घरात सुरी होती, पण प्लॅस्टिकच्या मुठीची, टमाटे कापून बोथट झालेली. तिच्या टोकाला लिंबू खोचून नवरदेव मिरवणार? शेवटी नवरदेवाचा बाप रामहरी ओरडला, "आरं, भिमा हाय की!"

भीमराज अंगणातच होता, डीजेच्या बंद पडलेल्या जनरेटरपाशी उकिडवा बसून. फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेला गडी, घर बौद्धवस्तीत, कमरेला कायम घडीचा फौजी चाकू. पातं, डबा फोडायचा आकडा, पेचकस, टोच्या, सगळं एका मुठीत. तसले अकरा त्याने घरी पत्र्याच्या पेटीत जमवले होते आणि बायकोचे टोमणे खात दर रविवारी एकेकाला तेल द्यायचा. कमरेला मात्र हाच, भरतीनंतर मिळालेला पहिला. गावात कुणाचं काही अडलं की हा चाकू निघायचा.

आजही त्याने पेचकस मिटला, पातं उघडलं आणि आपल्या पांढऱ्या रुमालाने ग्रीस पुसून ते लख्ख केलं. आपला चाकू नवरदेवाच्या हातात जाणार, म्हणून त्याचा ऊर भरून आला होता.

चाकू ओट्यावर आला तशी रंगुआत्या घरात गेली. नवरदेवाची सख्खी आत्या, सगळा मान तिचा. ती लिंबू घेऊन आली. दुसऱ्या हातात तांब्याचं फुलपात्र होतं. त्यात आंब्याचं पान बुडवून तिने चाकूवर शिंपडलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग वास आला. गोमूत्र.

भीमराजच्या मस्तकात तिडीक गेली.

"आत्या, हे कशापायी?"

"तुला न्हाई रे बाबा. रीत हाय."

"आन् खाली ठेव म्हनालात, ती बी रीतच?"

म्हातारीने लिंबू ओट्यावर ठेवलं. रामहरी पुढे आला, आवाज उतरवून म्हणाला, "मनावर घिऊ नको, भिमा. जुनं मानूस हाय." नवरदेव फेट्याचा तुरा सारखा करत राहिला. त्याचं तोंड काही कुणी शिवलं नव्हतं.

"जुनं मानूस, तर जुनं ध्यानात असंल," भीमराज म्हणाला. "वढ्याला पानी आल्तं, टेम्पो फसल्ता, वहिनी तितंच मोकळी झाली. आत्या, तुमीच हुता तिच्यापाशी. ह्या नवरदेवाची नाळ कशानं कापली? हाच चाकू माज्या हातातनं हिसकून घेतला तुमी. तवा न्हाई म्हनालात खाली ठेव!"

अंगणातल्या बायका ओट्याकडे बघायच्या थांबल्या. ज्ञानेश्वरचा हात तुऱ्यावरच राहिला. बाहेर यावं असं त्याला वाटलं असेल, पण उंबरा काही त्याने ओलांडला नाही.

भीमराजने चाकू उचलला. रुमालाने पातं पुसलं, दोन्ही अंगांनी, नीट. चाकू मिटून कमरेला लावला आणि रुमाल लिंबाशेजारी ओट्यावर टाकून दिला. तो रुमाल आता त्याला नको होता.

"आरं भिमा, मुहूर्त टळंल!" रामहरी मागे धावला. "बरं, चाकू ऱ्हाऊ दे. जनरेटर तरी चालू करून जा. वाजाप न्हाई तर वरात कशी निघंल?"

भीमराज फाटकापाशी थांबला. मागे वळून त्याने फुलपात्राकडे बोट दाखवलं.

"त्यात उरलंय न्हवं? जनरेटरवर बी शिंपडा. हुईल चालू."