चाळीसावा ठोकळा

चाळीसावा ठोकळा तराफ्यावरच्या क्रेनच्या आकड्याला लटकत होता, आणि त्याच्या सावलीत उभा राहून दोरीवाला शिशाचं वजन पाण्यात सोडत होता. काँक्रीटचा ठोकळा उतरवण्याआधी वजन तळाला टेकवून जागा नेमकी करायची, ही नेहमीची रीत. एकोणचाळीस वेळा ती पाळून झाली होती. त्या ठोकळ्यांना बांधलेले एकोणचाळीस पिवळे, तरंगते बोये बेटाच्या कुशीतल्या पाण्यावर ओळीने डुलत होते. दुपारनंतर त्यांना पाहुण्यांच्या पांढऱ्या यॉट बांधल्या जायच्या होत्या.

किनाऱ्यावर सगळं सज्ज होतं. दुसऱ्या कुठल्यातरी किनाऱ्याची वाळू इथे अंथरलेली, दुसऱ्या कुठल्यातरी मातीतले माड टेकू देऊन उभे केलेले. बेटाचं स्वतःचं असं जे उरलं होतं, ते पाण्याखाली.

तराफ्याच्या कडेला एका पालथ्या पिंपावर वहिनी बसली होती. नऊ दिवसांपूर्वी तिचा नवरा, दोरीवाल्याचा थोरला भाऊ, याच जागी बुडी मारून तळ तपासायला गेला. दोरी ओढली तेव्हा वर आला नुसता कमरेचा पट्टा, बक्कल लावलेलंच. शोध काल थांबला होता. ठोकळा एकदा बसला की या जागी पुन्हा कोणी उतरणार नव्हतं. ते आपल्या डोळ्यांनी बघायला ती आली होती.

"ताई, केबिनमध्ये बसा ना," इंजिनिअर तिसऱ्यांदा म्हणाला. "ऊन फार आहे."

"उन्हानं मला काय होतंय? तुमचं चालू द्या."

वजन टेकलं. दोरी सैल पडली. आणि दोरीवाल्याच्या हातांनी, त्याला न विचारता, अकरा वर्षांचं काम करून टाकलं: एक झटका. पाणबुड्याला वरून विचारायचं, ठीक आहेस ना? त्याने जीभ चावली. खाली होतं कोण? शिशाचा गोळा.

खालून एक झटका आला.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "दोरी हलली."

"प्रवाह असेल," इंजिनिअरने परस्पर उत्तर दिलं.

दोरीवाला तळहाताकडे बघत होता. "साहेब, प्रवाह ओढतो. झटका देत नाही."

"मग मासा असेल, बाबा! ठोकळा घ्या खाली. दोन वाजता पहिली यॉट येतेय, रिसॉर्टचा मॅनेजर सकाळपासून माझं डोकं खातोय."

दोरीवाल्याने पुन्हा एक झटका दिला. या वेळी सवयीने नव्हे. क्षणभर पाणी जसं होतं तसंच राहिलं. मग पुन्हा, तितक्याच बेताचा, एक झटका.

वहिनी उठून उभी राहिली. "विचारा त्यांना."

"काय विचारू?"

"वर येताय का, म्हणावं. नऊ दिवस झाले, आता पुरे झालं, म्हणावं. घरी पोरगी अजून ताटं मांडताना चार मांडतेय, तेही सांगा."

"एवढं दोरीत मावत नाही, वहिनी."

"मग मावेल तेवढं विचारा."

वर घेऊ का, याला तीन झटके. त्याने ते मोजून दिले. क्रेनवाल्याने, कोणी सांगितलं नसताना, इंजिन बंद केलं. त्यासरशी इतकी शांतता पसरली की बोयांना चाटणारं पाणी ऐकू येऊ लागलं. ठोकळा डोक्यावर संथपणे गिरक्या घेत होता.

दोन झटके आले. त्यांच्यामध्ये एका श्वासाची जागा सोडलेली. बाकीचे पाणबुडे भराभर ओढायचे. मध्ये अशी जागा सोडणारा एकच होता.

"काय म्हणाले?"

दोरीवाल्याने दोरीवरून नजर न हलवता सांगितलं. "वर घेऊ नको म्हणतो. दोरी सोड म्हणतो. आणखी."

"ओढा ती वर," इंजिनिअर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी सांगतोय. आत्ताच्या आत्ता वजन वर घ्या."

दोरीवाल्याने मूठ घट्ट केली. ओढायला दोन हात पुरेसे होते, आणि त्याला दोन्ही होते. त्याने वहिनीकडे पाहिलं.

ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली, जसं घरातलं माणूस बंद दाराकडे बघतं.

"सोडा," ती म्हणाली. "त्यांना कुठंतरी जायचंय."

त्याने मूठ उघडली.

दोरी जाऊ लागली. भरभर नाही, ओळखीच्या रस्त्याने, घाई नसलेलं माणूस चालतं त्या गतीने. फळ्यांवर रचलेल्या वेटोळ्यांतून एकेक वेढा उठे, कडेवरून वाकून पाण्यात उतरे. बाजूला सरकत नव्हती ती, तिरपी होत नव्हती. सरळ खाली. दर दहा मीटरला बांधलेल्या लाल चिंध्यांपैकी पहिली बुडाली. मग दुसरी. चौथी बुडाली तेव्हा इंजिनिअर कडेला येऊन वाकला. पाचवी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली.

"इथे तळ आठ मीटरवर आहे," तो म्हणाला. "मी स्वतः मोजलाय."

 

आठवी गेली. नववी. फळ्यांवर आता तीन वेढे उरले होते.

"संपत आली," दोरीवाला पुटपुटला.

इंजिनिअरच्या खिशात फोन वाजू लागला. दूर पाण्याच्या रेषेवर एक पांढरं शीड उगवलं होतं. त्याने फोन बाहेर काढला, पडद्यावरचं नाव वाचलं आणि तो वाजत असतानाच पिंपावर ठेवून दिला. मग मागे वळला आणि दोरखंडांच्या कोठीकडे धावला. आत काहीतरी धडधडत कोसळलं. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, लहान मुलासारखा बारीक:

"किती आणू?"