फोर व्हीलचा दांडा

"स्टिअरिंग जड लागतंय, दिलावरभाय. वळणावर खालनं ठोके पण येतात."

मंजुळानं जीप बिरवाडीतल्या गॅरेजसमोर उभी केली. शिवथरकडून कारखान्यांत कामाला येणाऱ्या बायकांची ती रोज ह्याच जीपमधून ने-आण करायची.

दिलावरनं जॅक लावला. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं, स्टिअरिंगचे सांधे तपासले, खाली शिरून चाकांकडं जोर नेणारा प्रॉपेलर शाफ्ट पिळून पाहिला. कुठंच ढिलाई नव्हती. हात पुसत तो तिच्या शेजारी येऊन बसला. "चालवून दाखवा."

पहिल्याच वळणावर चाकं फरफटली, खाली ठोका बसला. दिलावरची नजर गिअरशेजारच्या छोट्या दांड्याकडं गेली.

"वहिनी, फोर व्हील टाकलेली हाय."

"माहीत हाय. मी ती काढतच नाय."

"डांबरावर? अहो, वळताना पुढची चाकं जास्त फिरतात, मागची कमी. चारी एकत्र बांधली की एकमेकांना ओढणारच. चिखलात चाक घसरतं, ताण सुटतो. कोरड्यावर सुटत नाय. असंच चालवलंत तर एक दिवस गिअरबॉक्स फुटंल, तेपण माणसं बसलेली असताना."

मंजुळानं जीप कडेला घेतली. इंजिन चालूच होतं.

"ह्यांनी त्या दिवशी टाकली नव्हती," ती म्हणाली.

गेल्या पावसाळ्यात शिवथरच्या वळणावरून घसरलेली ही जीप दिलावरनंच पुन्हा उभी केली होती. मंजुळाचा नवरा मालोजी मात्र वाचला नव्हता.

दिलावर म्हणाला, "तेव्हा रस्त्यावर दरडीचा चिखल होता, वहिनी. आज काय हाय ते बघा."

तिनं समोर पाहिलं. रस्ता उन्हात कोरडा पडला होता. तिनं दांडा ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी हलेना.

दिलावरनं हात पुढं केला नाही. "ताणात अडकलाय. गाडी जरा मागं घ्या."

तिनं जीप हातभर मागं घेतली. दांडा खट्कन सुटला.

गॅरेजकडं वळायचं तिथं ती वळली नाही. शिवथरचं ते वळण आलं तसा तिनं वेग कमी केला आणि ओठ दाबून स्टिअरिंग फिरवलं. जीप वळली. ना ठोका, ना फरफट. स्टिअरिंग तिच्या तळव्यांखालून सरकत आपसूक सरळ झालं.

पुढं सपाटीवर तिनं जीप थांबवली. पदरानं कपाळ पुसलं.

"परत एकदा जाऊ?"

दिलावरनं गॅरेजवर फोन लावला. "मला उशीर होईल," तो म्हणाला. "तुम्ही जेवून घ्या."