पहिला हात

"ज्यांना कामावर परत जायचंय, त्यांनी हात वर करा," ताई म्हणाली.

एकही हात वर झाला नाही.

"मग संप चालू ठेवायचा? करा हात वर."

तेव्हाही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये दीडशे माणसं पालथ्या क्रेटवर बसली होती आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या. "ताई, हातच दुखतात गं," मागून कुणीतरी म्हणालं. एरवी हशा पिकला असता.

संपाचा अडतिसावा दिवस होता. मागणी एवढीच, की बायका ओळींत टोमॅटो तोडत असताना अंगावर औषध फवारायचं नाही. दोन वर्षांपूर्वी एक गरोदर बाई ओळीतच कोसळली आणि तिचं मूल गेलं. त्या दिवशी ताईनं हातातलं क्रेट खाली ठेवलं, ते पुन्हा उचललं नाही. उंबरे झिजवून तिनं ही माणसं एक एक करून जोडली होती.

आज मालकाचा निरोप आला होता. उद्या दुपारपर्यंत कामावर या, नाहीतर खोल्या रिकाम्या करा. फाटकाबाहेर नवी माणसं भरलेल्या दोन गाड्या उभ्या होत्या. खोल्यांचं पाणी सहा दिवसांपासून तोडलं होतं, पोरं तापानं फणफणली होती. कामगार कचेरीतले साहेब दौऱ्यावर होते, ते दौऱ्यावरच राहिले. 'धीर धरा' म्हणायला ताईची जीभ रेटेना, आणि 'जा' म्हणायलाही रेटेना.

तिसऱ्या रांगेत एक हात वर झाला. औषधानं कातडी सोललेला, काळ्या नखांचा. ताईला तो ओळखायला चेहरा बघावा लागला नाही. मागणीच्या कागदावर पहिला अंगठा याच हाताचा होता.

"मला कामावर जायचंय," ताईची आई म्हणाली. "मोज."

"आई, तू?"

"मोज म्हटलं ना."

मग शेजारचा हात वर झाला. त्याच्या मागचा झाला. बघता बघता शेडभर हात झाले. शंभरावर गेल्यावर ताईनं मोजणं सोडून दिलं.

दारात उभा असलेला मुकादम खिदळला. "घरचीच फितूर निघाली की!"

माणसं उठली. बाहेर पडताना एक बाई आईसमोर थांबली आणि थुंकली. "पोटच्या पोरीचा गळा कापलास!" तिचाही हात वर होता, हे कुणी बोललं नाही. बायका ताईच्या गळ्यात पडून रडल्या. "आम्ही शेवटपर्यंत थांबलो असतो गं ताई. पण तुझी आईच उलटली, मग आम्ही काय करणार?" हे सांगताना त्यांचे चेहरे मात्र कितीतरी दिवसांनी सैल झाले होते.

शेड रिकामी झाली. आई क्रेट एकावर एक रचत होती. ताईनं तिचा हात धरून तिला थांबवलं.

"का केलंस? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजू शकले असते."

"नसतीस समजली." आईनं हात सोडवून घेतला. "सगळ्यांनाच जायचं होतं. तुझ्या तोंडाकडे बघून कुणाची छाती होत नव्हती. जी पहिला हात वर करील तिला जन्मभर फितूर म्हणणार. उद्या तुला पुन्हा घरोघर हिंडायचंय, माणसं जोडायचीत. तिच्या दारात तू पाऊल तरी टाकलं असतंस का?"

ताईनं रिकाम्या दाराकडे पाहिलं.

"माझ्या दारात," आई पुढचं क्रेट उचलत म्हणाली, "तुला यावंच लागतं."