तिच्या बाजूचे पाटे

लटारूनं लिलावात घेतलेल्या लष्करी जीपच्या पोटाला कुरखेड्याच्या वाटेवरचे खुंट घासायचे. बायकोला, मनकर्णाला, बाळंतपणासाठी त्याच वाटेनं माहेरी न्यायचं होतं. म्हणून भंगारातले लोखंडी पाटे पारखून त्यानं चारही चाकांवरच्या स्प्रिंगांच्या कमानींत एकेक वाढवला. असलं त्याचं पहिलंच काम, जीप चार बोटं उंचावली. पण निघताना मनकर्णाचा पाय तेवढा उचलेना. “मी बैलगाडीनं जातो,” ती म्हणाली, “हौसेनं केलेलं मोडू नका तुमी.” लटारू पाना घेऊन जीपखाली शिरला, तिच्या बाजूचे वाढीव पाटे काढून आला. ती चढली. वाटभर तो तिच्याकडं घसरायचा, ती कोपरानं लोटायची. नाक्यावर जंगलगार्डानं विचारलं, “लटारूभाऊ, जीप वाकडी काऊन? पाटे बसवता नाई आले काय?” “नवीनच शिकून राह्यलो,” लटारू म्हणाला. “चुकलं कुठीतरी.” नाका उघडला. जीप निघाली, तो पुन्हा घसरला. या वेळी मनकर्णानं लोटलं नाही.