एकेक मूठ

सुनेचा मनीप्लांट जळाला होता. तव्यावर विसरलेल्या भाकरीगत पानं कडेनं करपली होती. छबुबाईनं तेलाच्या डब्यातली माती बोटानं उकरली, तर आत पांढरे दाणे.

"आता गं बया!" ती मटकन खाली बसली.

गीता नवऱ्यासंगं ऊसतोडीला गेली त्याला बारा दिवस झाले होते. माहेरून आणलेला हा वेल दारात ठेवून गेली, डब्यावरून नुसता हात फिरवला. इकडं सोसायटीतून आणलेलं युरियाचं पोतं घरात पडून होतं. पाऊसच नाही, तर शेताला टाकून करायचं काय? निदान पोरीच्या वेलाला तरी लागू दे, ती येईस्तोवर चौकटीवर चढू दे, म्हणून छबुबाईनं मूठभर टाकला होता. हौस, दुसरं काय!

"एका मुठीनं एवढं न्हाई जळत," तिचा नवरा रामकिसन डोकं खाजवत म्हणाला. मग हळूच म्हणाला, "मी बी टाकलता एक मूठ."

"तुमी? तुमीच म्हनत हुता ना, ना फूल ना फळ, कावून पाळलंय म्हनून?"

"पोरीनं जीव लावलाय त्याला. म्हनलं, खाऊ दे बिचाऱ्याला."

छबुबाईला हसावं की रडावं कळेना. आता इलाज एकच, भरपूर पाणी ओतून खत धुऊन काढायचं. आणि वापरायचं पाणी उरलं होतं एक घागर. टँकर परवा येणार होता.

तिनं घागरीकडं बघितलं, वेलाकडं बघितलं.

"धरा डबा," ती म्हणाली. "दोन दिवस आंगूळ न्हाई केली तर काय मरत न्हाई आपन."

युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी गेलं की खेळ खलास, म्हणून रामकिसननं आधी शेळी लांब बांधली. मग डबा घमेल्यावर धरला. छबुबाई तांब्यानं पाणी ओतू लागली. बुडाच्या भोकांतून गढूळ धार गळत होती. शेंड्याला एकच पान हिरवं होतं, करंगळीच्या नखाएवढं.

"जग रे माज्या राजा," ती त्याला म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. गीताच होती, उसाच्या फडातून. खोटं सांगायचं छबुबाईच्या मनात आलं, पण जीभ वळेना.

"गीते, तुजा येल जाळला गं आमी. एक मूठ युरिया मी टाकला, एक तुज्या मामांनी. लई चुकलं बाई."

पलीकडं कोयत्यांचा आवाज तेवढा येत होता.

"आत्या," गीता म्हणाली, "निघताना मी बी टाकलता की एक मूठ."

"तू? कावून गं?"

"मला वाटलं, मी गेल्यावर त्याच्याकडं कोन बघतंय."

छबुबाईनं घागर कलती केली, तळाचं पाणी डब्यात ओतलं आणि ओल्या हातानंच डोळे पुसले.

"बघितलं गं बाई," ती म्हणाली. "जरा जास्तच बघितलं."