अर्ध्या ग्रेनची पुडी

"आजपासून अर्धा नको, पाव ग्रेन घाल," आबासाहेब मास्तर म्हणाले.

रामहरी कंपाउंडरचा हात औषधाच्या काट्यावरच थांबला. डॉक्टरांच्या चिठ्ठीत मॉर्फिया अर्धा ग्रेन होता, दिवसातून तीनदा. मास्तरांनी सांगितलेली लक्षणं ऐकून डॉक्टरांनी मान हलवली होती. पोट दाबून पाहिलं, तेव्हा मास्तर "आई गं" म्हणाले होते. दुखणं बरं होणारं नव्हतं, नुसतं झोपवून ठेवण्यासारखं होतं.

ग्रेन म्हणजे काय हे रामहरीला मास्तरांनीच शाळेत शिकवलं होतं. इंग्रजांचं जुनं माप, जवाच्या एका दाण्याएवढं. आपल्या गुंजेच्या निम्मं. एका दाण्यानं काय होतंय, असं रामहरी तेव्हा वर्गात बोलून गेला आणि छडी खाऊन बसला. आता शुक्रवार पेठेतल्या या दवाखान्यात त्याच दाण्याचे तुकडे करून तो पोट भरत होता.

"मास्तर, तरास लई होईल की. डॉक्टरांना विचारावं लागंल."

"वाढवायला विचारावं लागतं. कमी करायला कसली परवानगी?"

"मग पुडी अर्धीच घ्या."

"तसं जमत नाही रे. कळ आली की सगळी पुडी तोंडात जाते. तूच कमी घाल."

"पण कमी करायचं कशापायी?"

मास्तरांनी खिशातून एक पत्र काढलं. वर आफ्रिकेचं तिकीट होतं. त्यांचा एकुलता महिपती मोंबासाला रेल्वेत कारकून होता. सात वर्षांत पोराचं तोंड दिसलं नव्हतं. आता त्याची बोट निघाली होती.

"या पुडीनं दिवसभर गुंगी राहते," मास्तर म्हणाले. "पोरगा दारात येईल आणि इकडे डोळेच उघडणार नाहीत. मग तो येऊन उपयोग काय? एकदा त्याला धड बघायचं, दोन शब्द बोलायचे. एवढाच हट्ट आहे, रामहरी."

रामहरीनं पाव ग्रेन तोलला, वजन भरायला दुधाची साखर मिसळली आणि पुड्या बांधल्या.

मास्तर रोज सकाळी स्वतः येत. गुंगीचं औषध घेणारा माणूस भेलकांडतो, हे मात्र ताठ चालत. जुनी हाडं, रामहरी मनात म्हणे. त्यांचं दुखणंसुद्धा शिस्तीचं होतं. कुठं दुखतंय विचारलं की ते क्षणभर थांबत, मग नीट सांगत.

"पहाटे पाठीत उतरलं. तासभर होतं. नंतर मांडीपर्यंत."

"आनि घरात बाई कशा हायेत?"

"वाट बघत्येय," मास्तर म्हणत आणि पुड्या घेऊन घाईनं निघत.

चार दिवसांनी पावाचा अर्धपाव झाला. रामहरीला रात्री जेवण गोड लागेना. आपण गुरूला मदत करतोय की छळतोय, हेच त्याला कळत नव्हतं. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र आठी नव्हती. फक्त डोळे लाल असत, रात्रभर जागल्यासारखे.

मग बोट मुंबईला लागल्याची तार आली.

"उद्या सकाळच्या गाडीनं पोचतोय," मास्तर म्हणाले. "आता दाणाभरही नको. नुसती साखर बांध."

"मग पुडी तरी कशाला, मास्तर?"

"असू दे. पुडी आहे म्हटलं की धीर राहतो."

स्वतःच साखर मागायची आणि स्वतःच तिच्यावर धीर धरायचा, हे कोडं रामहरीला उलगडेना. पण मास्तरांना उलट प्रश्न विचारायची हिंमत त्याला अजून आली नव्हती. त्यानं साखरेच्या तीन पुड्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याला राहवेना. डॉक्टरांना न विचारता त्यानं अर्ध्या ग्रेनच्या दोन पुड्या खिशात टाकल्या. पोराची भेट झाली असेल, आता तरी मास्तरांची सुटका व्हावी, म्हणून तो दुपारी त्यांच्या घरी गेला.

दार मास्तरांनीच उघडलं.

"मास्तर, तुमी कशाला उठलासा?"

मास्तरांनी नुसतं आत बोट दाखवलं.

आतल्या खोलीत महिपती बाजेशी गुडघे टेकून बसला होता. बाजेवर त्याची आई, सारजाबाई होत्या, काडी झालेल्या. ओठ चावून चावून रक्ताळले होते, कपाळावरून घाम निथळत होता आणि त्या पोराच्या तोंडावरून हात फिरवत एकसारख्या बोलत होत्या.

"अगं, पण डॉक्टरला का न्हाय दाखवलंस?" महिपती रडत म्हणाला.

"परक्या बाप्याला पोट दाखवू व्हय रे?" सारजाबाई हसल्या. "माझ्या बदली तुझ्या आबांनीच आपलं पोट दाखवलं की."