लक्ष कुठंय, सिक्स्टेन?

"फोन पावाच्या डब्यात ठेव," गुनेल म्हणाली. "आणि झाकण लाव. अर्धवट नको."

बायकोचं ऐकून सिक्स्टेनने झाकण लावलं. आत फोन एकदा थरथरला, आणि बाहेर त्याचा जीव वरखाली झाला. पण तो उठला नाही. नवे नियम सुरू होऊन चौथा दिवस होता.

नियम घरात आले ते पुलामुळे. सिक्स्टेन कालव्यावरचा उघडता पूल चालवायचा. बोट आली की रस्ता अडवायचा, पूल उचलायचा, पुन्हा खाली घ्यायचा. बावीस वर्षं हेच काम. एप्रिलात एका शिडाच्या बोटीने तीनदा भोंगा वाजवला, तरी पूल हलला नाही. कारण पूलवाले साहेब फोनवर कुणा अनोळखी माणसाच्या कुंपणाला कोणता रंग शोभेल यावर मत देत बसले होते. बोटीची डोलकाठी पुलापासून हातभर अंतरावर थांबली.

वरिष्ठ आल्ग्रेनने आरडाओरडा केला नाही. "ऑक्टोबरात तुझी परीक्षा," तो म्हणाला. "तासभर, एकही चूक नको. चुकलास तर ही खुर्ची दुसऱ्याची."

छप्पन्नाव्या वर्षी दुसरी खुर्ची कोण देणार? सिक्स्टेनचं धाबं दणाणलं. कामावरच्या नर्सने लक्ष एकाग्र ठेवण्यासाठी काय करावं याचं एक पत्रक दिलं. ते त्याने घरी आणून टेबलावर टाकलं आणि विसरला. गुनेलने मात्र शब्दन् शब्द वाचला.

"पालथ्या घड्यावर पाणी," ती म्हणाली. "पण ओतून बघते."

सुरुवात झोपेपासून झाली. दहाच्या ठोक्याला दिवे बंद, तेही वेगवेगळ्या खोल्यांत. एकाच्या घोरण्याने दोघांची झोप मोडते आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही, असं गुनेलचं म्हणणं. तिने तिची उशी उचलली आणि शिवणाच्या खोलीत गेली.

मग जेवण. दालचिनीचे गोड बन बंद. सकाळी ओटची लापशी, रात्री मासा आणि बटाटे. आणि करायचं सिक्स्टेननेच.

"मी? मला अंडं उकडता येत नाही."

"म्हणूनच. चिरताना, ढवळताना माणसाचं मन हातापाशी राहतं."

"आणि करपलं तर?"

"तर करपलेलं खायचं."

पंधरा दिवस दोघांनी करपलेलं खाल्लं. सोळाव्या दिवशी हेरिंग मासा अगदी मनासारखा तळला गेला, आणि सिक्स्टेनला लॉटरी लागल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी तासभर चालणं. तू का येत नाहीस, असं त्याने विचारलं.

"मी आले की तू बोलत राहतोस आणि बघत काहीच नाहीस. एकटा जा. एकट्याने चालायची सवय कर."

तो एकटा गेला. पहिला आठवडाभर कंटाळला. मग हळूहळू त्याला वाटेवरची बर्चची झाडं दिसायला लागली, बगळा दिसला, रोज त्याच बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्याचा तुटका बूट दिसला.

मग गुनेलने पसारा आवरायला काढला. डोळ्यांपुढे पसारा असला की मन त्यातच अडकतं, हेही पत्रकातलंच. तिची पुस्तकं, कपडे, शिवणयंत्र, आईचा चहाचा सेट, एकेक खोक्यात गेलं. खोकी सिक्स्टेननेच तीन जिने उतरवून तिच्या बहिणीच्या, बार्ब्रोच्या गाडीत ठेवली.

"माझाही पसारा काढ की," तो धापा टाकत म्हणाला.

"तुझा असू दे. तुला सगळं एकदम झेपायचं नाही."

"सिक्स्टेन, तुझ्यासारखा मदतीचा माणूस मी जन्मात पाहिला नाही," बार्ब्रो म्हणाली आणि पटकन गाडीत जाऊन बसली.

ऑगस्टमध्ये त्याने तळघरातल्या, सगळ्या इमारतीच्या सामायिक धुलाईखोलीच्या फळ्यावर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने वेळ नोंदवली. पांढरे कपडे वेगळे, रंगीत वेगळे, एकही मोजा गुलाबी झाला नाही. घड्या पाहून गुनेलचे डोळे भरून आले.

"एवढ्यात रडतेस? परीक्षा व्हायचीय अजून."

"होशील तू पास," ती म्हणाली. "मला आता तुझी काळजी नाही."

सप्टेंबरात एका रात्री जेवताना त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझे कानामागचे केस पांढरे झाले गं. कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

त्याला लाज वाटली. आणि तिच्याबद्दल खूप माया दाटून आली. या बाईने हट्ट धरला नसता, तर आपलं मन आजही गावभर उंडारत राहिलं असतं. पास झालो की हिला हे सांगायचं, त्याने ठरवलं. सगळं सांगायचं.

ऑक्टोबरातल्या परीक्षेत सतरा बोटी आल्या. एक रुग्णवाहिका मुद्दाम मध्येच घातली होती. सिक्स्टेनची एकही चूक झाली नाही. आल्ग्रेनने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "पार बदललास की रे!"

घरी गुनेल कोट घालून टेबलाशी बसली होती. बाहेर जेवायला जायचं असणार, त्याला वाटलं. तो तिच्यासमोर बसला आणि त्याने तिचे हात हातात घेतले.

"पास झालो. हे सगळं तुझ्यामुळे, गुनेल. तीस वर्षं मी तुझं धड एक वाक्य ऐकलं नाही, मला कळतंय. आता तू बोल. एक शब्द सुटणार नाही माझा."

तिने हात सोडवले आणि एक पाकीट पुढे सरकवलं. "काल आलंय. वाच."

त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. कोर्टाचा शिक्का होता, दोघांची नावं होती.

"घटस्फोट?" तो म्हणाला. "गुनेल, मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"मार्चमध्ये सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "इथेच, या खुर्चीत बसून. म्हटलं, सिक्स्टेन, मी तुला सोडून चाललेय, कोर्ट सहा महिने थांबायला लावतं, कागद मिळाल्याची सही कर. तू फोनवरून नजर न काढता सही केलीस आणि म्हणालास, बरं, येताना दूध आण."